व्हीलचेअरवरून घराचं दार उघडायचं, तर सुरुवात कुठून करायची

"दिवसभर दार उघडंच असतं की रे, त्याला यंत्र कशाला हवं?" शेजारच्या काकींनी मला विचारलं होतं. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या गावात सकाळी कडी काढली की रात्रीची जेवणं होईपर्यंत कुणी दार लावत नाही. पण खुर्चीत बसायची वेळ आली की उघड्या दाराचा अर्थ बदलतो. मला दार उघडं ठेवावंच लागायचं, कारण एकदा लावलं तर पुन्हा उघडणं माझ्या हातात नव्हतं. जुलैत पश्चिमेकडून झड आली की ओटी भिजायची, गावातली कुत्री आत येऊन बसायची, आणि बायको दोन दिवस माहेरी गेली की संध्याकाळी सहापासून मला एकच घोर लागायचा: आता दार लावायचं की नाही?

आंब्याच्या झाडावरून पडल्याला मला सात वर्षं झाली. कमरेखाली ताकद नाही, हात ठणठणीत आहेत. घर गुहागरच्या बाजूला, चिऱ्याचं, कौलारू, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. या सात वर्षांत दाराची व्यवस्था तीनदा बदलली, त्यातल्या दोनदा पैसे पाण्यात गेले. नव्यानं खुर्चीत आलेल्या माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे तेवढे पैसे तरी वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दार, मग कुलूप, मग वीज, आणि मोबाइलचं ॲप सगळ्यात शेवटी. बाजारात मात्र सगळं उलटं चालतं, पहिल्यांदा ॲपच दाखवतात.

पहिलं काम: दार नेमकं कशासाठी उघडायचं आहे ते ठरवा

दार उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरच्याला आत घेणं हे एक, आणि आपण स्वतः खुर्चीसकट बाहेर जाऊन परत येणं हे दुसरं. बाहेरच्याला घ्यायचं असेल तर कडी लांबून निघाली की झालं, दार तो स्वतः ढकलतो. आपल्याला बाहेर पडायचं असेल तर दाराची रुंदी, उंबरठा, पायऱ्या, दार ओढायला लागणारी ताकद असं सगळंच पुढ्यात येतं.

जुन्या घरात हा फरक फार कामी येतो. आपल्याकडची जुनी दारं दोन फळ्यांची असतात. एक फळी जेमतेम दीड-पावणेदोन फुटांची, तर साधी घडीची व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी जास्त रुंद. म्हणजे एका फळीतून खुर्ची जात नाही, आणि दुसऱ्या फळीचे वरचे-खालचे बोल्ट खुर्चीतून काढता येत नाहीत. मी दोन्ही कामं एकाच दारातून करायचा हट्ट धरला आणि तिथेच फसलो. आता पुढच्या दाराच्या एका फळीला विजेचं कुलूप आहे, येणारी-जाणारी माणसं तिथून येतात. मी स्वतः बाहेर पडतो तो पडवीच्या बाजूनं. तिथे चिरे काढून नवी रुंद चौकट बसवली, एकाच फळीचं हलकं दार लावलं. पुढच्या दाराची फणसाची जुनी फळी तशीच राहिली, ते वडिलांनाही बरं वाटलं.

दुसरं काम: दार मोजा, आणि पावसाळ्यात मोजा

टेप घ्या आणि दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा. चौकट किती रुंद आहे त्याला अर्थ नाही. फळीची जाडी आणि बिजागरी वजा करून जे उरतं ते मोजायचं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ही मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरली आहे. खुर्ची वळवायला दारापाशी दोन्ही बाजूंनी १५०० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे पाच फुटांचा मोकळा घेर मिळाला तर उत्तम. आणि दार आपल्याकडे ओढून उघडत असेल तर मुठीच्या बाजूला भिंतीलगत निदान दीड फूट जागा रिकामी हवी. नाहीतर दार ओढताना ते आपल्याच पायपट्टीवर येऊन आपटतं. या दीड फुटात आपल्याकडे हमखास चपलांचा खण नाहीतर छत्र्यांचा डबा असतो. तो हलवायला पैसे लागत नाहीत.

यानंतर दार किती जड आहे ते बघा. मासे तोलायला हुकाचा जो वजनकाटा मिळतो तो मुठीत अडकवायचा आणि काट्यानंच दार ओढायचं. दोन-सव्वादोन किलोच्या आत दार हललं तर बहुतेकांना ते झेपतं. माझं पुढचं दार मे महिन्यात तीन किलोला हलायचं आणि ऑगस्टमध्ये काटा नऊवर जायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि चौकटीत रुतून बसतं. अशा दाराला जगातलं कुठलंही कुलूप लावा, जीभ आत जाईल पण फळी तसूभर हलणार नाही. आणि खुर्चीतल्या माणसाला मागे सरून, अंगाचा भार टाकून दार खेचता येत नाही. ब्रेक लावलेले नसले तर खुर्चीच पुढे येते.

म्हणून सुताराला भर पावसात बोलवा, उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात त्याला दार ठीकच दिसतं. फुगलेल्या अवस्थेत कुठे घासतंय तिथे खडूची खूण करून ठेवायची, आणि दिवाळीनंतर लाकूड वाळलं की तिथे रंधा मारून घ्यायचा. सगळ्या कडांना, खास करून खालच्या आणि वरच्या कडेला, तेलरंगाचे किंवा पॉलिशचे दोन-तीन हात हवेत. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून रंगवायच्या राहून जातात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

आमच्या सुतारानं एक युक्ती केली, ती मला फार मोलाची वाटते. बिजागऱ्या लावताना त्यानं वरची बिजागरी सुताभर आतल्या बाजूला घेतली. त्यामुळे कडी सुटली की फळी स्वतःच्या वजनानं हळूहळू आत येते. मोटर नाही, स्प्रिंग नाही. परत लावायला फळीच्या कडेला नायलॉनची दोरी बांधली आहे, ती चौकटीवरच्या छोट्या कप्पीवरून माझ्या हातापाशी येते. ओढली की दार लागतं. दारच आपोआप उघडमिट करणारी मोटर बाजारात मिळते, पण समुद्राकडे तोंड असलेल्या जड लाकडी दाराला ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाऱ्याच्या एका झोतानं ती अडखळते, आणि लाईट नसताना तिच्यासकट दार ढकलणं आणखी जड होतं. हात अजिबात चालत नसतील तर मात्र मोटरीला पर्याय नाही. मग दार हलकं किंवा सरकतं करून घ्या, आणि अडथळा लागला की थांबणारी, हाताच्या जोरानंही ढकलता येणारी मोटर निवडा.

उंबरठा

उंबरठ्यावर घरातल्यांशी बोलणं जड जातं, हे मला माहीत आहे. लक्ष्मी तिथूनच येते, हळदीकुंकू तिथेच वाहतात. आम्ही पुढच्या दाराचा उंबरठा ठेवला आणि पडवीच्या नव्या दाराला केलाच नाही. पाणी अडवायला तिथे १२ मिलिमीटरची उतरती पट्टी आहे. त्याहून उंच असेल तर दोन्ही बाजूंनी उतार हवा, आणि उताराचं गणित सरळ आहे: एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट उतार लागतो. दोन फुटांची फळी टेकवून कुणी "झालं" म्हणत असेल तर ऐकू नका. मागे कलंडून डोकं आपटायला एवढं पुरतं.

तिसरं काम: कुलपाची जात

इथे थोडं निवांत वाचा, कारण जास्तीत जास्त चुका इथेच होतात.

लांबून उघडणारी कुलपं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं चुंबकाचं, दुकानात त्याला मॅग्लॉक म्हणतात. चौकटीवर विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज चालू आहे तोवर दार घट्ट धरलेलं, बटण दाबलं की वीज तुटते आणि दार सुटतं. दुसरं विजेचं रिम लॉक. हे दाराच्या आतल्या बाजूला बसणारं पेटीसारखं कुलूप. क्षणभर वीज मिळाली की जीभ आत जाते, आणि बाहेरून किल्लीनं व आतून खटक्यानंही ते उघडतं. तिसरं बॅटरीवरचं स्मार्ट लॉक. त्याच्या पोटात चार किंवा आठ पेन्सिल सेल असतात आणि ते आकड्यांनी, बोटाच्या ठशानं किंवा मोबाइलवरून उघडतं.

मला तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारानं मॅग्लॉक दिलं. "ऑफिसांत हेच लावतात," म्हणाला. ते खरंच आहे. आग लागली, लाईट गेली की दार आपोआप सुटावं म्हणून ते ऑफिसात लावतात. याला फेल-सेफ म्हणतात. पण माझ्या घरी जुलैत रात्री आठला लाईट गेली, पहाटे तीनच्या सुमारास बॅटरी संपली आणि वाऱ्यानं दार सताड उघडलं. मी पलंगावर होतो. सकाळी सातला दूधवाला येईपर्यंत झड माजघरापर्यंत येत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

हिशोब केला असता तर हे आधीच कळलं असतं. साधारण २७० किलोची पकड असलेलं मॅग्लॉक १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर करंट सतत खातं. छोट्या यूपीएसमध्ये असते तशी ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १४ तास पुरते. प्रत्यक्षात ती पार रिकामी करायची नसते आणि जुनी झाली की निम्मीच उरते, म्हणजे सात-आठ तास धरा. रिम लॉकला करंट लागतो तो फक्त बटण दाबल्यावर, तोही सेकंदभर. एरवी चालू असतं ते फक्त रिमोटचा संकेत पकडणारं रिसीव्हर कार्ड. ते ०.०५ अँपिअर खातं असं धरलं तर तीच बॅटरी निम्म्या हिशोबानंही जवळजवळ तीन दिवस जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आपल्याकडे कुलूप निवडताना तो महिना डोळ्यांसमोर ठेवायचा.

म्हणून कोकणातल्या घरासाठी माझी शिफारस विजेच्या रिम लॉकची आहे. वीज गेली तर ते बंदच राहतं, याला फेल-सिक्युअर म्हणतात. पण एक अट सोडायची नाही: आतून ते विजेशिवाय, एका हातानं, बसल्या जागेवरून उघडलं पाहिजे. गॅस गळला, शॉर्ट सर्किट झालं तर रिमोट शोधत बसायला वेळ नसतो. सुतार सवयीनं कुलूप साडेतीन-चार फुटांवर लावतो. त्याला थांबवा, खुर्चीत बसून हात सहज जिथे पोचतो तिथे पेन्सिलनं खूण करून द्या. माझी खूण जमिनीपासून ३४ इंचांवर आली.

स्मार्ट लॉक भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये सोयीचं, कारण वायरिंग लागत नाही. त्यात अल्कलाइन सेलच घाला. चार्जिंगचे सेल कमी व्होल्टचे असतात आणि बॅटरी किती उरली याचा अंदाज चुकवतात. सेल मेले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीची वायर जोडून ते जागं करता येतं का, हे घेण्याआधी विचारा. बोटाच्या ठशावर मात्र विसंबू नका. चाकं ढकलून माझ्या अंगठ्याची कातडी गुळगुळीत झाली आहे, आणि ज्या घरात काजूच्या बिया फोडतात तिथे डिंकानं बोटांचे ठसे महिनोन्महिने उमटत नाहीत.

चौथं काम: वायरमनसमोर बसून करून घ्यायच्या गोष्टी

चांगला वायरमनही घराचं फिटिंग करणारा असतो, १२ व्होल्टची सवय त्याला नसते. म्हणून चार गोष्टी आपण सांगायच्या.

वायर जाड हवी. माझ्या दुसऱ्या खेपेला कुलूप नवंकोरं होतं, बटण दाबलं की "टक्" असा आवाज यायचा आणि जीभ तिथेच. दोनदा कुलूप बदलून आणलं. दोष वायरीत होता. पॉवर सप्लाय मागच्या खोलीत, तिथून दारापर्यंत २५ मीटर, वायर अर्धा चौरस मिलिमीटरची. कुलूप दोन अँपिअर ओढतं तेव्हा एवढ्या लांबीत जाऊन-येऊन साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात, कुलपाला मिळतात साडेआठ. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर तेच जुनं कुलूप पहिल्या दाबाला उघडलं. त्याहून बरं म्हणजे पॉवर सप्लाय आणि बॅटरी दाराजवळच ठेवायची.

कुलपाच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडायचा, १एन४००७ नावाचा. त्याच्यावरचा पांढरट पट्टा पॉझिटिव्हकडे. कुलपातल्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, वीज तुटताना जो उलटा झटका बसतो तो हा डायोड पचवतो. तो नसला की रिमोटच्या कार्डातला रिले, म्हणजे कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा खटका, वर्षभरात चिकटतो. वस्तू काही रुपयांची आहे.

रिलेची वेळ एक सेकंदाची ठेवा. बहुतेक रिम लॉक एकदा सुटलं की दार उघडून पुन्हा लागेपर्यंत सुटलेलंच राहतं, त्यामुळे पाहुणा सावकाश आला तरी चालतं. वेळ वाढवली तर कॉइल तापून जळते. मॅग्लॉक किंवा स्ट्राइक (चौकटीत बसणारा विजेचा खटका) असेल तर उलट: तिथे १० ते १५ सेकंद ठेवा, कारण चढ चढून खुर्ची दारापर्यंत आणायला तेवढा वेळ लागतोच.

आणि घरात इन्व्हर्टर असेल तर पॉवर सप्लाय त्याच्याच लाईनवर घ्या. चिपळूणसारख्या पूर येणाऱ्या गावात बॅटरी आणि कार्डाचा डबा २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा.

बटण कुठे, रिमोट कुठे

एक रिमोट पुरत नाही. तो नेमका हवा तेव्हा उशीखाली असतो. माझ्याकडे तीन जागी बटणं आहेत: पलंगापाशी भिंतीवर, ओटीवर माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात, आणि न्हाणीघरात जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिसऱ्याची गरज मला पडून झाल्यावर कळली. न्हाणीतलं बटण बिनवायरचं आणि पाण्यानं न बिघडणारंच घ्या, ओल्या भिंतीत वायर नेऊ नका.

रिमोट गळ्यात दोरीनं. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा साधा दोन बटणांचा रिमोट आपल्या घरात सगळ्यात भरवशाचा ठरतो. जाड, पावसानं भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय आणि ब्लूटूथ दमतात, हा बऱ्याचदा पार होतो. घेताना रोलिंग कोडचा मागा, म्हणजे दर वेळी संकेत बदलतो आणि कुणी त्याची नक्कल करून ठेवू शकत नाही. यात २३ए किंवा २७ए नावाचा १२ व्होल्टचा छोटा सेल लागतो. गावातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही, दोन जास्तीचे घरात ठेवा.

बोटांत ताकद नसेल तर रिमोटचं छोटं बटण निरुपयोगी. पण त्या बटणाच्या दोन पायांना दोन वायरी डाखून बाहेर कुठलाही मोठा खटका जोडता येतो. कोपरानं, गालानं, पावलानं दाबता येईल असा पंज्याएवढा खटका खुर्चीच्या हातावर बांधा. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही हे काम तासाभरात करून देतो. फुंकरीनं चालणारे स्विचही असतात, मानेखाली हालचाल नसलेल्यांना त्यांचा उपयोग होतो.

दारात कोण आहे ते दिसलं पाहिजे

न बघता कडी सोडायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. पूर्वी आपण आवाजावर माणूस ओळखायचो, आणि मी अजूनही ओळखतो, पण पागोळ्या धो-धो पडत असताना दारातला आवाज माजघरात येत नाही. व्हिडिओ डोअर फोन घेतला तर पडदा आणि कुलपाचं बटण एकाच जागी मिळतं. पडदा बसलेल्या डोळ्यांच्या उंचीला लावा.

कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी फक्त किनाऱ्यावरच्याच माणसाला कळतात. तोंड पश्चिमेला असेल तर दुपारी तीननंतर माणसाच्या मागे सूर्य येतो आणि चेहरा काळा ठिक्कर दिसतो. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर तिरका लावा. आणि रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांपाठी कोळी येतो, आठवड्यात भिंगावर जाळं. काठीला फडकं बांधून ते पुसायचं काम शेजारच्या मुलाला लावून द्या.

मोबाइल, आणि मुंबईची माणसं

धाकटा भाऊ मुंबईला असतो. त्याची इच्छा होती की दार त्यालाही तिथून उघडता यावं. "दादा, तू पडलास तर मी काय करू इथून?" त्याची काळजी खरी आहे. वायफायवरचं कार्ड बसवलं तर ते होतं, ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतं. पण आम्ही दोघांनी बसून ठरवलं की रोजचं दार माझ्या हातात राहील. त्याच्याकडची चावी मी तीनदा फोन उचलला नाही तरच वापरायची. एकदा त्यानं कुरिअरवाल्याला परस्पर आत घेतलं होतं आणि मी तेव्हा कपडे बदलत होतो. ती गोष्ट मला लागली, आणि त्यालाही ती समजली. आपल्या घरात कोण येतंय हे खुर्चीतल्या माणसाला आधी कळलं पाहिजे. घरच्यांनी हे सुरुवातीलाच मान्य करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नर्सताई, व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर यांना स्मार्ट लॉक असेल तर ठरावीक वेळेपुरता आकडा देता येतो. हा आकडा फोनवर अनोळखी आवाजाला सांगायचा नाही. आणि इंटरनेट बंद पडलं, टॉवर बंद पडला, तरी रिमोटनं दार उघडलंच पाहिजे. ज्या कुलपाला उघडायला कंपनीचा सर्व्हर लागतो ते आपल्या किनाऱ्याच्या कामाचं नाही.

आपण पडलो आणि दार बंद आहे, तर?

याचं उत्तर विजेवर सोडू नका. बाहेर आकडे जुळवून उघडणाऱ्या डब्यात एक किल्ली ठेवा आणि तो आकडा दोन शेजाऱ्यांना सांगा, एक दिवसा घरी असणारा आणि एक रात्री. वर्षातून एकदा आकडा बदला, त्यांच्या देखत उघडून बघा. अशा डब्यात किंवा कुलपात खोबरेल तेल घालायची आपली सवय मात्र मोडा. ते धूळ धरतं, थंडीत थिजतं आणि कुलूप आणखी चिकटतं. पेन्सिलच्या शिशाची पूड किंवा सिलिकॉनचा स्प्रे वापरा.

खारी हवा, वीज, मुंग्या

समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेसचे घेतले तरी साधे ३०४ ग्रेडचे चहाच्या रंगाचे डाग धरतात. ३१६ चे मिळाले तर तेच घ्या, नाहीतर पितळी. कार्डाचा डबा आयपी६५चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, वायर खालच्या बाजूनं आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाशी गळून जातं. उघडी राहिलेली प्रत्येक फट सिलिकॉननं बुजवा. पाऊस सुरू झाला की मुंग्या अंडी घेऊन कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि रिलेचा डबा त्यांना फार आवडतो. चिऱ्यात नुसता प्लग ठोकून कुलूप बसवू नका, दगड सच्छिद्र असल्यामुळे तो वर्षभरात हलतो. कुलूप नेहमी चौकटीच्या लाकडात, आरपार बोल्टनं.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या गेटापासून, घरापर्यंत टाकलेली लांब वायर विजेचा झटका थेट आत आणते. म्हणून गेटला शक्यतो बिनवायरचीच जोडणी घ्या. मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर बसवा. त्याला अर्थिंग चांगलं लागतं, आणि जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत वाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

पैशांची सोय

दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी ओळखपत्र, आधी काढून घ्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. उतारासाठी किंवा दाराच्या कामासाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या, ग्रामसभेत विषय काढा. सभा पायऱ्यांवरच्या सभागृहात असेल तर ती खाली घ्यायला सांगा, तो आपला हक्क आहे.

बसवून झाल्यावर

पैसे चुकते करण्याआधी मेन स्विच बंद करा. रिमोटनं दार उघडतं का बघा. मग बॅटरीची वायर काढा आणि आतून हातानं उघडा. मग शेजाऱ्याला बाहेरून किल्लीनं उघडायला सांगा. शेवटी बॅटरी परत जोडून न्हाणीघरात जमिनीवर बसून खालचं बटण दाबा. चारही जमलं तरच वायरमनला सोडा.

नंतर दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाळ्याआधीची आगोटीची खरेदी चालू असते त्याच सुमारास, हेच चार प्रयोग पुन्हा करायचे. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर चालू असली तरी बदलायची. आमच्याकडे गेल्या वेळी काकींनीच बाहेरून किल्ली फिरवली. पहिल्यांदा उलटी फिरवली, मग सुलटी, आणि दार आपोआप आत आल्यावर ओट्यावर बसून म्हणाल्या, "आता रात्रीची हाक मारलीस तरी मी येईन हो."